काकूंच्या ग्लासावर सरकारी झाकण

बिबवेवाडीत पोळी-भाजी केंद्र चालवणाऱ्या एका बाईवर अन्याय झाला. कधी, तर गेल्या दसऱ्यानंतरच्या पहिल्या सोमवारी, सकाळी, डबे भरायच्या ऐन घाईत. कुणी केला, असं तुम्ही विचाराल. तेच तर सांगता येत नाही. ज्यानं केला त्यानं सही केलेली असेल, तर ती कुणाला दाखवायची नाही असा म्हणे नियम आहे.

बाईंचं नाव मी लिहिणार नाही. घाबरले म्हणून नाही. त्यांनीच सांगितलं, "नाव टाकू नकोस बाई. लोक लगेच फोनमध्ये घालून बघतात, आणि तिथं काय दिसतं ते तुला माहितीये." माहितीये. म्हणून इथे त्या नुसत्या काकू. गिऱ्हाइकंही त्यांना काकूच म्हणतात, त्यातली काही त्यांच्याहून वयानं मोठी आहेत.

त्या सोमवारी काकू पोळ्यांच्या चळती फॉइलमध्ये गुंडाळत होत्या. समोरच्या बिल्डिंगमधल्या एक बाई डबा न्यायला आल्या आणि म्हणाल्या, "अहो, तुमचा तो पाण्याचा व्हिडिओ उघडेना." काकूंनी पीठ लागलेल्या बोटानं स्वतःच्या फोनवर उघडून पाहिला. जिथे त्यांचा हात, त्यांचा ग्लास आणि त्यांचा आवाज असायचा तिथे नुसता करडा पडदा, आणि त्यावर एक वाक्य: सरकारच्या कायदेशीर विनंतीमुळे हा मजकूर या देशात उपलब्ध नाही.

या देशात! म्हणजे अमेरिकेत बसलेला कुणीही बिबवेवाडीच्या नळाचं पाणी बघू शकतो. फक्त ज्याला ते प्यायचंय त्यानं बघायचं नाही.

आणि वर 'विनंती'. मी पुण्यात लहानाची मोठी झाले, विनंत्या मला शिकवू नका. इथे फाटकावर 'गाडी लावू नये, ही विनंती' असं लिहितात तेव्हा खाली 'लावल्यास चाकातली हवा सोडण्यात येईल' हेही लिहितात. सरकारनं ही खालची ओळ तेवढी गाळली.

आता त्या व्हिडिओत होतं काय ते सांगते. कारण तो मीच काढला.

मी काकूंच्या मागच्या रस्त्यावर एका ऑफिसात नोकरी करते आणि दुपारी त्यांच्याकडे उभ्यानं जेवते. केंद्र म्हणजे तळमजल्याचं एक शटर, पुढे काउंटर, मागे दोन शेगड्या. विदर्भातून शिकायला आलेली पोरं, आयटीतली माणसं, घरी स्वयंपाक झेपत नाही असे पेन्शनर, अशी सगळी गर्दी. पावसाळ्यात कुणीतरी केबल टाकायला केंद्रासमोरचा रस्ता खणला. कुणी, ते आजपर्यंत कळलेलं नाही. खणताना ड्रेनेजच्या लाइनला धक्का लागला असणार, कारण दुसऱ्याच आठवड्यात नळाला चहाच्या रंगाचं पाणी यायला लागलं. वास मात्र चहाचा नव्हता.

काकू आधी रीतसर गेल्या. बाटली भरून, पिशवीत घालून, पाण्याचं काम बघणाऱ्या ऑफिसात. तिथल्या साहेबांनी बाटली उजेडाकडे धरली.

"थोडा रंग आहे, ताई. बाकी पाणी खडकवासल्याचंच आहे."

"अहो, पण खडकवासल्याहून निघालं तेव्हा असं होतं का?"

"उकळून घ्या."

"घाण उकळली की काय होतं साहेब? गरम घाण होते."

साहेब हसले, तक्रार लिहून घेतली, बाटली परत दिली. त्यानंतर आठवडे गेले. स्वयंपाकासाठी काकू रोज जार विकत घेत होत्या, म्हणजे जेवणाला काही धोका नव्हता. हे मी मुद्दाम लिहून ठेवते, पुढे लागणार आहे. पण पलीकडच्या चाळीतल्या बायकांना जार परवडत नव्हते. त्यांची पोरं तेच पाणी पीत होती आणि आळीपाळीनं दवाखान्यात जात होती.

एके दुपारी काकू मला म्हणाल्या, "जेवण झालं ना? मग हात धू आणि फोन धर." त्यांनी नळाखाली काचेचा ग्लास भरला आणि ट्यूबलाइटसमोर धरला. मग जे बोलल्या ते मी शब्दाला शब्द देते:

"हे आज सकाळचं पाणी. आमच्या गल्लीतल्या नळाचं. याला वास येतोय, तो तुम्हाला फोनमधून येणार नाही हे तुमचं नशीब. मी यानं भांडीसुद्धा घासत नाही, जार आणते. पण शेजारची लहान पोरं हेच पितात. ज्यांचं हे काम आहे त्यांनी यावं आणि हा ग्लास प्यावा. वरून चहा मी पाजते."

संपला व्हिडिओ. यात शिवी नाही, कुणाचं नाव नाही, धर्म नाही, पक्ष नाही. एक बाई, एक ग्लास आणि एक चहाचं आमंत्रण. तो खूप फिरला. बिबवेवाडीतल्या प्रत्येक सोसायटीच्या ग्रुपवर आला, मग बाहेर पडला. लोकांनी आपापले ग्लास काढून दाखवायला सुरुवात केली. एक जीप आली, दोघं खड्ड्यात डोकावले, भोवती पिवळी पट्टी बांधून गेले. पाणी थोडे दिवस निवळलं आणि पुन्हा चहा.

इथे आमचा गट आला.

आमचा गट म्हणजे मूठभर पोरंपोरी आणि एक दादा. दादा कॉलेजात असल्यापासून पत्रकं वाटतोय, आता त्याचे केस पांढरे व्हायला लागलेत. लिहायला मला त्यानंच शिकवलं. त्याचे नियम सोपे. पहिल्या ओळीत कुणावर अन्याय झाला आणि कधी. शेवटच्या ओळीत वाचणाऱ्यानं काय करायचं. मध्ये विशेषणं आली की तो लाल पेन फिरवायचा: "ही चिडचिड तुझी आहे. वाचणाऱ्याला स्वतःची येऊ दे." मी ते पाळते. बहुतेक वेळा.

आमच्या बैठका कसबा पेठेत, आमच्या घराच्या पुढच्या खोलीत होतात. कारण बाकी कुणाच्या घरी चालत नाही. बाबा कोपऱ्यात पेपर वाचत बसतात. ते सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले. आमच्या चळवळीबद्दल त्यांचं मत विचारलं तर म्हणतात, "चहाचा खर्च सोडला तर उत्तम."

नवरात्राच्या आधी आम्ही पाण्याबद्दलचं पत्रक ठरवायला बसलो. मी दादाच्या नियमाप्रमाणे अख्खं पानभर लिहून आणलं होतं. गटातले बाकीचे वैतागले. "एवढं कोण वाचतंय आता? व्हिडिओ आहे ना? कोड टाकू. स्कॅन केला की थेट काकू." दादानंही मान डोलावली. छापायला सोपं, वाटायला सोपं, मोठ्या अक्षरांना जागा उरते. मलाही पटलं. मग पत्रक झालं ते असं: वर ठळक अक्षरात 'तुमच्या नळाला काय येतं?', मध्ये तो काळा-पांढरा चौकोन, आणि खाली काकूंच्या परवानगीनं त्यांच्या केंद्राचं नाव. बस्स.

बाबांनी एक उचलून उलटसुलट पाहिलं. "छान. वाचायचं काहीच नाही म्हटल्यावर चुका काढायचा प्रश्न नाही."

आम्ही हसलो. सोसायट्यांच्या वॉचमनशी हुज्जत घालत, जिने चढत, दारांखालून सरकवत आम्ही सगळी पत्रकं वाटून टाकली. पत्रकं वाटणाऱ्या माणसांनी कागदावर एक शब्द लिहिला नाही आणि सगळं त्या चौकोनावर टाकलं. पलीकडचा दरवाजा दुसऱ्याच कुणाच्या मालकीचा आहे, हे एकालाही सुचलं नाही. कागद काढून टाकायला दारोदार फिरावं लागतं. चौकोन बंद करायला एक ईमेल पुरतो.

म्हणजे त्या सोमवारपासून काय झालं बघा. दिवाळीची साफसफाई करताना लोकांना आमचं पत्रक सापडायचं. ते कुतूहलानं स्कॅन करायचे. काकूंच्या केंद्राचं नाव खाली ठळक, आणि फोनवर काय, तर सरकार, कायदा आणि करडा पडदा. लोकांनी दोन अधिक दोन केले आणि बरोबर पाच काढले. सोसायट्यांच्या ग्रुपवर फिरायला लागलं, "त्या पोळी-भाजीवालीवर सरकारची कारवाई झाली म्हणे." कुणी लिहिलं, भेसळ होती. कुणी लिहिलं, घाण पाण्यात स्वयंपाक करायची, स्वतःच कबूल केलंय व्हिडिओत, म्हणून तर काढला. व्हिडिओ नसल्यावर त्यात काय होतं हे ज्याला जे वाटेल ते सांगायला मोकळा.

मग लोकांनी शोधून पाहिलं. मीही पाहिलं. आधी केंद्राचं नाव टाकलं की पहिला तो व्हिडिओ यायचा, मग लोकांनी काढलेले बाकीचे ग्लास. आता त्यातलं काही येत नव्हतं. पानाच्या तळाशी बारीक अक्षरात सूचना होती की कायदेशीर कारणांमुळे काही निकाल वगळले आहेत. 'बिबवेवाडी गढूळ पाणी' टाकलं तर पाणी शुद्ध करायच्या यंत्रांच्या जाहिराती. म्हणजे पाणी घाण आहे हे सांगायला बंदी, त्यावर धंदा करायला नाही.

मी घरी येऊन बाबांसमोर फोन आपटला.

"अगं, पण काहीतरी कारण असेल," बाबा म्हणाले. "सरकार उगाच कशाला काढेल?"

"तुम्ही पाहिलाय ना तो व्हिडिओ?"

"पाहिलाय."

"मग सांगा ना कारण."

बाबांनी पेपरची घडी घातली. मग म्हणाले, "सरकारात कागदाशिवाय काही हलत नाही. कुणीतरी कुणालातरी लिहिलं असणार. तो कागद मागा."

मागितला. आता ती गंमत ऐका.

काकूंनी व्हिडिओ जिथे चढवला होता त्या कंपनीचा त्यांना ईमेल आला होता, इंग्रजीत. मी त्यांना तो मराठीत सांगितला: सरकारी यंत्रणेनं मजकूर कायद्याचा भंग करतो असं कळवलं, आम्ही तो या देशात बंद केला. कुठला कायदा, कुठली यंत्रणा, काही नाही. आम्ही कंपनीला लिहिलं, आदेशाची प्रत द्या. उत्तर आलं, प्रत देता येत नाही, संबंधित यंत्रणेकडे विचारा. यंत्रणा कोणती? ते सांगता येत नाही.

म्हणून मी आणि काकू पुन्हा त्या बाटलीवाल्या ऑफिसात गेलो. आता साहेब वेगळे होते. वयानं तरुण, बोलायला गोड.

"मॅडम, काढलं कंपनीनं. आम्ही नाही."

"पण सांगितलं कुणी?"

"कळवलं असेल वरून. आमच्याकडून फक्त रिपोर्ट जातो."

"कसला रिपोर्ट?"

"अफवांचा. लोकांत घबराट पसरू नये म्हणून."

काकू पुढे सरकल्या. "पाणी गढूळ होतं की नव्हतं?"

"तो वेगळा विषय आहे, ताई."

"अहो, माझ्या व्हिडिओत दुसरा विषयच नव्हता!"

मी विचारलं, "तुमची नुसती विनंती असते ना? मग कंपनी नाही म्हणाली असती तर?"

साहेब पहिल्यांदा मनापासून हसले. "नाही कशाला म्हणतील?"

हे वाक्य मला अजून झोपताना ऐकू येतं. मारहाण नाही, धमकी नाही, आवाजसुद्धा चढला नाही. नाही कशाला म्हणतील! कंपनीला या देशात धंदा करायचाय. एका पोळी-भाजीवालीच्या ग्लासासाठी ती सरकारशी वाकडं घेणार? कंपनी म्हणते, सरकारनं सांगितलं. सरकार म्हणतं, कंपनीनं काढलं. आणि दोघांच्या मध्ये काकू, आपण नक्की काय केलं हे विचारत उभ्या.

माहितीच्या अधिकारातही अर्ज केला. उत्तर वेळेत आलं, त्याबद्दल खात्याचं कौतुक. अशा प्रकरणातला पत्रव्यवहार गोपनीय असतो, सबब माहिती देता येत नाही. खून केलेल्या माणसाला आरोपपत्राची प्रत मिळते. ग्लास दाखवलेल्या बाईला मिळत नाही.

दरम्यान काकूंचे डबे कमी होत होते. आधी पेन्शनर गेले, मग एक अख्खं हॉस्टेल. तिथल्या मालकानं फोन केला, "काकू, तुमच्याबद्दल शंका नाही हो, पण पोरांचे आईवडील गावाकडून विचारतात. त्यांनी ते फोनवर बघितलंय." पोळ्या लाटायला येणाऱ्या दोघींपैकी एकीला काकूंनी घरी बसवलं. मी जेवायला गेले तेव्हा दुपारीच शटर अर्धं खाली होतं.

त्याच दुपारी एक निवृत्त मास्तर आले. वर्षानुवर्षांचं गिऱ्हाईक. काउंटरवर झुकून, आवाज खाली आणून म्हणाले, "काय हो, धाड पडली होती का?"

"पडली ना, सर," काकू म्हणाल्या. "ट्रकभर पोळ्या पकडल्या. शेंगदाण्याची चटणी फरार आहे."

सर ओशाळले. "अहो, तसं नाही, लोक बोलतात म्हणून..."

"लोक बोलतात, तुम्ही ऐकता. तुम्ही इतकी वर्षं इथं जेवताय, तुमचं पोट काय बोलतं ते विचारा की."

सर डबा घेऊन गेले. काकू माझ्याकडे वळल्या. मला वाटलं होतं की हसतील. नाही हसल्या.

"माझं नाव त्या कागदावर तू घातलंस."

"तुम्हाला विचारूनच..."

"विचारलंस. पण ग्लास कुठंय त्या कागदावर? पाणी कुठंय? माझं नाव आणि एक चौकट. आता चौकटीत सरकार येऊन बसलंय, खाली माझं नाव. पोलीस चौकीतल्या फोटोसारखं."

मी सॉरी म्हणायला तोंड उघडलं.

"सॉरी ठेव तुझ्याकडे. मला तो कागद आणून दे, ज्यात मी काय गुन्हा केला ते लिहिलंय. तो आणता येत नसेल, तर मी काय बोलले होते ते तरी कागदावर लिही. नीट. शाईनं. लोकांना वाचता आलं पाहिजे. फोन न लावता."

त्या संध्याकाळी मी दादाला सांगितलं, आधीचं पानभर लिहिलेलं काढ. तो म्हणाला, आधी व्हिडिओ दुसरीकडे चढवून बघू. चढवला. दोन दिवसांत तोही गेला, आणि ज्या पोरानं चढवला त्याला खातं बंद करण्याची ताकीद आली. तो पोरगा नोकरी शोधतोय. त्याच्या आईनं मला फोन करून सुनावलं, आणि तिचं काही चुकलं नाही.

हे लक्षात घ्या. व्हिडिओ नष्ट झालेला नाही. तो काकूंच्या फोनमध्ये आहे, माझ्या फोनमध्ये आहे, कुणी विचारलं तर काउंटरवर दाखवतो. खऱ्याला पुसायची त्यांना गरजच पडत नाही. ते कुणाला सापडलं नाही की काम झालं. वर सूचना अशी ठेवायची की शोधणाऱ्याला गुन्हेगार आपोआप सापडावा. ही कल्पना ज्याच्या डोक्यातून आली त्याचं डोकं सुपीक आहे. चांगल्या पाण्यावर वाढलं असणार.

नवं पत्रक आम्ही काकूंच्या काउंटरवर बसून लिहिलं. त्यांनी व्हिडिओ लावला, मी थांबवत थांबवत उतरवून घेतला. 'वरून चहा मी पाजते' हे वाक्य दादा गाळायला निघाला, गंभीर विषयात शोभत नाही म्हणून. काकू म्हणाल्या, "ते राहू दे. तेच तर त्यांना झोंबलंय." राहिलं. खाली लिहिलं: हे शब्द सरकारला नको आहेत. का, ते आम्ही विचारलं, उत्तर 'गोपनीय'. या केंद्रावर कसलीही कारवाई झालेली नाही, स्वयंपाक जारच्या पाण्यात होतो, येऊन बघा. यावेळी चौकोन नाही.

पुन्हा तेच जिने चढलो. बाबाही आले, गुडघे दुखत असताना. कोपऱ्यावरच्या मंडळाच्या फळ्यावर खडूनं काकूंचे शब्द त्यांनीच लिहिले, सरकारी टिपणीच्या वळणदार अक्षरात. कुणीतरी विचारलं, "परवानगी आहे का?" बाबा म्हणाले, "खडूला लागत नाही."

आणि काकूंनी स्वतःची एक गोष्ट केली, आम्हाला न विचारता. लोणच्याची मोठी काचेची बरणी घासून पुसून काउंटरवर ठेवली. रोज सकाळी नळ आला की पहिलं पाणी त्यात भरायचं. शेजारी जारच्या पाण्याची तशीच दुसरी बरणी. पहिलीवर चिठ्ठी 'नळाचं', दुसरीवर 'स्वयंपाकाचं'. बास. डबा न्यायला आलेला माणूस आधी एकीकडे बघतो, मग दुसरीकडे, मग डबा घेतो. पुढच्या आठवड्यात मास्तर परत आले. बरणीसमोर उभे राहून म्हणाले, "हे आमच्याकडेही येतं हो." काकू म्हणाल्या, "मग तुमची बरणी कुठंय, सर?"

नंतर एक दिवस दुपारी, मी जेवत असताना, एक माणूस आला. साधा शर्ट, हातात फाइल. कुठल्या खात्याचा ते सांगितलं नाही. बरणीकडे बोट करून म्हणाला, "हे इथून काढा. लोकांत गैरसमज होतो."

काकू पोळी भाजत होत्या. त्यांनी पोळी उलटली, शेगडी बारीक केली, हात पुसले.

"काढते. लेखी द्या."

"अहो, लेखी कशाला? मी विनंती करतोय."

"मीही विनंतीच करतेय. कुठल्या कायद्यानं काढायचं, कोण सांगतंय, खाली सही, शिक्का. द्या, लगेच काढते. बरणी धुऊन लोणचं घालते."

तो माणूस इकडे तिकडे बघायला लागला. काउंटरवर चार-पाच जण उभे होते. जेवता जेवता सगळे थांबलेले. अमरावतीकडचं एक पोरगं घास हातात धरून म्हणालं, "द्या न सर लिहून, आमाले बी वाचू द्या." कुणी दंगा केला नाही. नुसते बघत होते.

त्यानं फाइल उघडली, मिटली. "मी वरिष्ठांशी बोलतो," म्हणाला आणि गेला. पुन्हा आला नाही. बरणी तिथेच आहे.

आता तुमच्या लक्षात आलं असेल की मी का इतकी पेटलेय. तेच सरकार, तीच विनंती, तीच बाई. समोरासमोर त्याला एक बरणी हलवता आली नाही, कारण तिथे चेहरा होता, आणि तिला 'लेखी द्या' म्हणता येत होतं. फोनमधला व्हिडिओ काढताना तिला कुणी विचारलंच नाही. विचारायला कुणी समोर नव्हतं. म्हणून तर त्यांना तो मार्ग आवडतो.

काकूंचं सगळं सुरळीत झालं असं मी लिहिणार नाही. हॉस्टेल परत आलेलं नाही. पोळ्यांवाल्या बाईला अजून बोलावता आलेलं नाही. व्हिडिओ बंद तो बंदच, आदेश कुणी पाहिलेला नाही, आणि नळाला आज सकाळीही चहा आला. काकू शटर पूर्ण वर करतात, एवढं मात्र खरं.

म्हणून हे वाचणाऱ्या माणसा, मला तुझी हळहळ नको आहे. उद्या सकाळी तुझ्या नळाला जे पहिलं पाणी येईल ते काचेच्या बरणीत भर आणि रस्त्यावरून दिसेल अशा खिडकीत ठेव. वर तारीख लिही, खाली तुझं स्वतःचं नाव लिही. मग तुझ्या भागातल्या ऑफिसात जा आणि अर्ज दे, तुझ्या सहीनं: आमच्या पाण्याबद्दलचं काय काय तुम्ही लोकांच्या फोनमधून काढायला लावलंत, कुठल्या कायद्यानं, आणि कुणाच्या सहीनं? पोच घेतल्याशिवाय खुर्चीवरून उठू नकोस. आणि कुणी गोड आवाजात येऊन म्हणालं की ती बरणी काढ, तर काढू नकोस. सांग त्याला, लेखी द्या.